न सांगितलेल्या गोष्टी : सीमाभागातील घर आणि मुलांचे पुस्तक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. शनिवारी शेवटच्या तासाला ते खुर्ची पुढे ओढून घेत आणि पुस्तक वाचून दाखवीत. परीक्षेशी त्या वाचनाचा काही संबंध नसे. व्याख्यानाचा विषय कळवा असे पत्र संस्थेकडून आले तेव्हा मला त्या तासाची आठवण झाली, आणि तिच्याबरोबर दुसरीही एक गोष्ट आठवली. ती मी शेवटी सांगणार आहे.

माझे बालपण भालकी तालुक्यातील एका खेड्यात गेले. आमच्या घरासमोर एक पडका वाडा होता. चौकट शाबूत, आत बोरी-बाभळी माजलेल्या. आम्ही मुले तेथे लपाछपी खेळत असू. हा वाडा कोणाचा, असे मी एकदा आजोबांना विचारले. "होते कोणी. रझाकारीत गेले," एवढेच उत्तर मिळाले. कोठे गेले, का गेले, हे विचारल्यावर आजोबा उठून गोठ्याकडे गेले. माझा जन्म १९४९ सालचा. म्हणजे ज्या घटनेविषयी मी विचारीत होतो ती माझ्या जन्माच्या जेमतेम एक वर्ष आधीची होती, आणि तरीही ती आमच्या घरात रामायण-महाभारताहून दूर गेलेली होती. रामायणाविषयी विचारले तर निदान कोणी सांगत तरी असे.

प्रत्येक घरात मुलांना सांगितल्या जात नाहीत अशा काही गोष्टी असतात. मृत्यू, कर्ज, जातीवरून झालेला अपमान, आपल्या माणसांनी केलेला अन्याय, आपल्याच हातून झालेला भ्याडपणा. मोठी माणसे त्यांविषयी बोलत नाहीत. मुलांना मात्र त्या घरात आहेत हे कळत असते. अशा वेळी एखादे पुस्तक मध्ये येते आणि घराला बोलते करते. बीदर आणि गुलबर्गा, आताचे कलबुर्गी, या दोन जिल्ह्यांच्या मराठी घरांत हे कसे घडले आणि कोठे घडले नाही, याचा हा लहानसा इतिहास आहे.

मराठीत मुलांसाठी पुस्तके फार पूर्वीपासून निघत आहेत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा 'बाळमित्र' १८२८ सालचा. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' मासिक १९०६ साली सुरू झाले. परंतु या लेखनाचा मुख्य हेतू बोध आणि मनोरंजन हा होता. मुलांना काय शिकवावे याची चिंता त्यात आहे. घरात काय घडते आहे याची फारशी दखल नाही. शिवाय हे वाङ्मय पुण्या-मुंबईकडचे. आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला. प्राथमिक इयत्तांच्या पुढे शिक्षणाची भाषा उर्दू; १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. गुलबर्ग्याला १९०७ सालापासून नूतन विद्यालयासारखी संस्था होती, पण खेड्यापाड्यांतून मराठी पुस्तक ही दुर्मिळ वस्तू होती. ते यायचे सोलापूरहून, रेल्वेने, कोणाच्या तरी वळकटीतून. घरात वाचता येणारा एखादाच असे. बायकांना तर बहुधा येतच नसे. त्यामुळे पुस्तक एकट्याने वाचण्याचा प्रश्न नव्हता. एकाने वाचायचे आणि सर्वांनी ऐकायचे, ही पोथीची रीत होती आणि गाणगापूरच्या छायेतल्या या भागात 'गुरुचरित्रा'मुळे ती चांगली रुजलेली होती. मुलांचे पुस्तकही याच रीतीने घरात शिरले.

या रीतीला जणू बेतून शिवल्यासारखे बसणारे एक पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. साने गुरुजींची 'श्यामची आई'. ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखनास आरंभ झाला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते संपले. गुरुजींची आई १९१७ साली गेली होती. सोळा वर्षे मनात साठलेले पाच दिवसांत कागदावर उतरले. पुढे पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या छापल्या. आईच्या मृत्यूचे पुस्तक अनाथ विद्यार्थ्यांच्या संस्थेने घरोघर पोहोचवावे, हा योगही विलक्षण म्हटला पाहिजे.

या पुस्तकावर 'रडके' असा शिक्का मारणारे समीक्षक माझ्या पिढीत बरेच होते. खरे सांगायचे तर उमेदीच्या काळात मीही त्यांच्यातच होतो. वर्गात शिकवताना त्यातील भावविवशतेवर मी सफाईने बोलत असे. माझी चूक मला फार उशिरा कळली. मी ते पुस्तक साहित्यकृती म्हणून तपाशीत होतो. ते घरात काय करते याकडे माझे लक्षच नव्हते.

त्याची रचना पाहा. प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आठवणी सांगतो. म्हणजे पुस्तकातही एक जण सांगतो आहे आणि बाकीचे ऐकत आहेत, आणि घरातही तेच चालले आहे. श्यामच्या घराची कथा उतरणीची आहे. खोताचे घराणे, पुढे वाटण्या, कर्ज, जप्ती, भाकरीची भ्रांत. सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येऊन बसतो आणि घरातल्या बाईला नाही नाही ते बोलतो, हा प्रसंग मला आजही थांबून थांबून वाचावा लागतो. बीदर-गुलबर्ग्याकडे तूर आणि ज्वारीच्या भरवशावर जगणाऱ्या किती घरांनी हा प्रसंग अनुभवला होता! पण वडील कर्जबाजारी आहेत हे मुलांशी बोलायचे कसे? मारवाडी किंवा देशमुख दारात आला की मुलांना मागच्या दाराने परसात पिटाळीत. मुले परसातून सर्व ऐकत, आणि आपण ऐकले नाही असे दाखवीत.

आमच्या गुरुजींनी हे प्रकरण शनिवारी वाचले. त्याच रात्री माझ्या एका वर्गमित्राने घरी जाऊन वडिलांना विचारले, "आपल्यावर किती आहे?" हा मित्र पुढे गावातच शेती करीत राहिला. त्याने मला सांगितले की वडील प्रथम चिडले, मग त्यांनी आकडा सांगितला, आणि त्यानंतर बाजाराच्या दिवशी ते त्याला बरोबर नेऊ लागले. त्या आकड्याने घरावरचे ओझे एका पैशानेही कमी झाले नाही. पण घरात तो आकडा जाणणारे आता दोघे झाले होते.

मृत्यूचेही तसेच. श्याम आईच्या अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नाही. तो पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. मुलांच्या पुस्तकात मृत्यू आणायचाच तर तो देवाघरच्या दिव्यासारखा आणावा, अशी पूर्वीची समजूत होती. येथे मात्र औषधाला पैसा नाही, माणसे थकलेली आहेत, मुलगा दूर आहे, असा तो साधा आणि खरा मृत्यू आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. आमच्याकडे तो तंबूत लागला तेव्हा बायका जेवणाचे डबे घेऊन आल्या होत्या. ते डबे न उघडताच परत गेले, असे आई सांगत असे.

परंतु हे पुस्तक जेथे थबकते ती जागाही दाखवली पाहिजे. एका प्रकरणात एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडते. ती डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठवते, आणि नंतर आंघोळ करायला सांगते. त्या काळातील ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. याच गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केले, हेही विसरता येत नाही. तरी त्या आंघोळीपाशी वर्गातले एक मूल गप्प बसते. माझ्या वर्गात अशी मुले होती, आणि शिक्षक झाल्यावरही मी कित्येक वर्षे तो परिच्छेद त्यांच्याकडे न पाहता वाचून पुढे जात होतो. मोळीवालीच्या घरात त्या रात्री काय बोलले गेले, हे सांगणारे वाङ्मय पुढे मोठ्यांसाठी आले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, आणि आमच्या सीमेला लागून असलेल्या अक्कलकोट तालुक्यातून शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली. मुलांच्या कपाटात मात्र ती मोळी बराच काळ एकाच बाजूने उचलली जात राहिली.

आणखी एक मौन खुद्द साने गुरुजींविषयीचे. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतः आपले जीवन संपविले. आम्ही शिकलो त्या पुस्तकातील लेखक-परिचयात 'निधन १९५०' एवढेच होते. मृत्यूविषयी मुलांशी बोलण्याचा धीर ज्याने आईबापांना दिला, त्याच्याच मृत्यूविषयी कोणी मुलांशी बोलले नाही. एका विद्यार्थ्याने मला हे प्रथम विचारले तेव्हा मी विषय बदलला. आज मी तसे करणार नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात, आणि ज्या घरात असे घडते त्या घरातील मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बसते. त्याच्याशी काय बोलावे हे शिक्षकाला कोणी शिकवलेले नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसे नुकती झोपली होती. आमच्या घरातही फडताळातली भांडी खाली आली. किल्लारी-सास्तूरचा भाग सीमेपलीकडचा असला तरी सोयरिकींच्या दृष्टीने आमचाच. १९५६ पूर्वी निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले आणि ते मुंबई राज्यात गेले, एवढेच. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. अनाथ मुलांपैकी कित्येकांना शिक्षणासाठी पुण्याला नेण्यात आले.

त्या हिवाळ्यात आम्ही काही प्राध्यापकांनी पुस्तकांच्या पेट्या गोळा करून पत्र्याच्या शेडमधील शाळांना पाठविल्या. पेट्या भरण्याचे काम माझ्याकडे होते. 'श्यामची आई'च्या सात-आठ प्रती आल्या होत्या. त्या मी वेचून बाजूला काढल्या. आई गेलेल्या मुलांच्या हातात हे पुस्तक कसे द्यायचे? त्याऐवजी विनोदी गोष्टी, कोडी, प्राण्यांची चित्रे पाठविली. महिनाभराने एका शिक्षिकेचे कार्ड आले. पुस्तके पोचली, मुले चित्रे पाहतात, परंतु दोन मुली 'श्यामची आई' मागत आहेत, जमल्यास पाठवावी. मी सातही प्रती पाठविल्या. मुलांना धक्का बसेल म्हणून मी त्या काढल्या, असे मी स्वतःला सांगत होतो. पण त्या शेडमध्ये जाऊन ते पुस्तक वाचून दाखविण्याची पाळी माझ्यावर आली असती, तर मला वाचवले नसते, हे त्यामागचे खरे कारण होते.

अलीकडच्या काळात चित्र पालटले आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने मराठी मुलांच्या पुस्तकात खरेखुरे घर आणले. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आमच्या राज्याची भाषा असलेल्या कन्नडमध्ये ना. डिसोझा यांची धरणात बुडू घातलेल्या गावाची मुलांसाठीची कादंबरी 'मुळुगडेय ऊरिगे बंदवरु' हिला हाच पुरस्कार २०११ साली मिळाला. कारंजा धरणाखाली ज्यांची शेते गेली त्या भालकी तालुक्यातील घरांत ती मराठीत वाचली गेली असती तर किती बरे झाले असते! सीमेवर राहून आपण दोन्ही भाषांचे बोलणे ऐकतो, पण एकमेकांची मुलांची पुस्तके वाचीत नाही. साने गुरुजींनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली, ती आमच्यासारख्यांसाठीच होती. भाषावादात तिला आम्ही फारशी जागा ठेवली नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करावे लागेल.

आता त्या पडक्या वाड्याकडे वळतो.

दर १७ सप्टेंबरला आपल्या शाळांत झेंडावंदन होते. सीमेपलीकडे मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन, अलीकडे कल्याण कर्नाटकाचा उत्सव. मुले स्वामी रामानंद तीर्थांविषयी भाषणे करतात, आणि ती करावीतच. शिंदगीस जन्मलेले, मराठी-कन्नड दोन्ही मुलखांना आपले वाटणारे स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्यातूनच लोकसभेवर निवडून गेले होते. मे १९४८ मध्ये गोरट्याला रझाकारांनी केलेले हत्याकांडही सांगितले जाते. जे गेले त्यांच्या नातवंडांना ते कळलेच पाहिजे. कासिम रझवीच्या संघटनेने या मुलखात जी दहशत माजविली तिच्याविषयी अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथात भरपूर साधन आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मुलांच्या पुस्तकातली गोष्ट येथे संपते.

१८ तारखेपासून काय झाले, ते त्या पुस्तकांत नाही. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर हिंडले. त्यांच्या अहवालानुसार या कारवाईच्या वेळी आणि नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, आणि ती बहुतांशी मुसलमान होती. सर्वाधिक हानी झालेले जिल्हे चार : उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. या चार जिल्ह्यांतच किमान अठरा हजार, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. सर्वसामान्य वाचकाच्या हाती त्याचा मजकूर २०१३ च्या सुमारास आला. आकड्यांविषयी अभ्यासकांत मतभेद असू शकतात. परंतु ज्या दोन जिल्ह्यांत आपण बसलो आहोत त्यांची नावे त्या यादीत आहेत. त्याच अहवालात असेही नमूद आहे की, काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी, विशेषतः विणकरांनी, आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचविले. आणि त्याआधी महिनाभर, ऑगस्ट १९४८ मध्ये, संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल हैदराबादेत ज्याचा खून झाला तो 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता. एवढे सर्व एका मुलाला सांगायचे म्हणजे कठीण काम आहे. एकाच गोष्टीत ज्याची भीती वाटावी आणि ज्याची कीव यावी अशी माणसे वर्षभराच्या अंतराने जागा बदलतात. मोठ्यांनाच हे पेलत नाही, म्हणून मुलांसाठी कोणी लिहीत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझी मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले 'तोत्तोचान' घरात आले. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे जपानी पुस्तक १९८१ सालचे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, मुलांचे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, पोलिओ झालेला मित्र आणि त्याचा मृत्यू. शेवटी युद्धातील बाँबवर्षावात ती शाळा जळते. मुलगी रोज रात्री आजीला, म्हणजे माझ्या आईला, ते वाचून दाखवीत असे. जपानशी आईचा काय संबंध? परंतु तिला आगगाडीची शाळा फार आवडली होती.

शाळा जळण्याचे पान आले त्या रात्री आई तांदूळ निवडीत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "समोर जळालं तेव्हा आवाज फार झाला. वासे तडकतात ना."

मुलीने विचारले, "समोर कुठे?"

मग आईने पन्नास वर्षांत आम्हा भावंडांपैकी कोणाला न सांगितलेले तिला सांगितले. त्या वाड्यात तिच्याच वयाची एक सून होती. दोघी विहिरीवर बरोबर जात. गडबड झाली त्या रात्री आमच्या दारावर थापा पडल्या. आजोबांनी कडी काढली नाही. आईने उठायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी तिला हाताने खाली बसवले. थापा थोडा वेळ पडत राहिल्या, मग थांबल्या. दुसऱ्या दिवशी वाडा जळाला. त्यांची शेळी मागे राहिली होती, ती आमच्या दावणीला आली; मला पाजलेले दूध तिचेच. पुढे पावसाने भिंती ढासळल्या तेव्हा आजोबांनी तेथले घडीव दगड आणून आमच्या गोठ्याला लावले. मी लहानपणी ज्या दगडावर बसून अभ्यास करीत असे, तो त्यांच्या उंबऱ्याचा होता.

मी शेजारच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

"मग ती माणसं कुठे गेली?" मुलीने विचारले.

"हैदराबादेस गेली असं हे म्हणत," आई म्हणाली. "मी कधी विचारलं नाही." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "वाच पुढं. त्या मास्तरांचं काय झालं?"

मुलीने पान शोधले आणि ती वाचू लागली.